सफरचंदाची विरळणी : झाडावर किती फळे ठेवायची आणि ते कधी ठरवायचे

सफरचंदाची झाडे आता महाराष्ट्रातही दिसू लागली आहेत. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी ‘एचआरएमएन-९९’ ही कडक थंडीची गरज नसलेली जात शोधून वाढवली आणि ती देशभर पोहोचली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या जातीच्या जोडीने इस्रायलमधली ‘ॲना’ आणि बहामा बेटांवरची ‘डॉर्सेट गोल्डन’ यांची कलमेही इकडे आली. कुणी बांधावर दहा झाडे लावली, कुणी विहिरीशेजारच्या अर्ध्या एकरात.

झाडे फळांवर आली आणि प्रश्न सुरू झाले. झाड लगडले, पण फळे लिंबापेक्षा मोठी का होत नाहीत? गेल्या वर्षी फांद्या वाकल्या होत्या, यंदा फूलच का नाही? लावल्यापासून वर्षभरात पाच-सहा फळे धरली आहेत, ती ठेवावीत का? या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच राहून गेलेले काम असते, ते म्हणजे विरळणी. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना हा शब्द नवा नाही. पण सफरचंदात ती कधी करायची आणि कुठे थांबायचे, याचे हिशेब वेगळे आहेत.

हिमाचलच्या तारखा इथे चालत नाहीत

सफरचंदाच्या विरळणीचे बहुतेक सल्ले आणि व्हिडिओ हिमाचल, काश्मीर किंवा परदेशातल्या बागांचे असतात. शिमला-कुलूकडे सफरचंद साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलते, त्यामुळे तिथला बागायतदार मे महिन्यात विरळणीचे बोलतो. महाराष्ट्रात या कमी थंडीच्या जाती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात आणि मे-जूनमध्ये तोडणीला येतात. तिकडचा व्हिडिओ पाहून तुम्ही मे महिन्यात कात्री हातात घेतलीत, तर वेळ केव्हाच टळून गेलेली असेल.

म्हणून महिना पाहू नका, फुलापासूनचे दिवस मोजा. झाडावरची बहुतेक फुले उमलली, तो दिवस वहीत लिहून ठेवा. तिथून पुढचे ३० ते ४० दिवस हा विरळणीचा काळ. फळे वाटाण्याएवढी झाली की सुरुवात करायची आणि मोठ्या बोराएवढी होईपर्यंत मुख्य काम संपवायचे.

एवढी घाई कशासाठी?

दोन कारणे आहेत आणि दोन्ही समजून घेतली तर फळ तोडताना हात आखडत नाही.

पहिले कारण आकाराचे. फुलानंतरच्या पहिल्या सहाएक आठवड्यांत फळाच्या पेशींची संख्या वाढते. नंतर त्या पेशी फक्त फुगतात. सुरुवातीला गर्दी असेल तर प्रत्येक फळाच्या वाट्याला कमी पेशी येतात आणि पुढे कितीही पाणी-खत दिले तरी ती उणीव भरून निघत नाही. वजनाचा हिशेबही पाहा. ६० मिलिमीटर व्यासाच्या दोन फळांचे मिळून जेवढे वजन भरते, जवळपास तेवढे ७५ मिलिमीटरच्या एकाच फळाचे भरते. फळांची संख्या निम्मी झाली म्हणून वजन निम्मे होत नाही, आणि मोठ्या फळाला दरही बरा मिळतो.

दुसरे कारण पुढच्या वर्षीच्या फुलांचे. यंदाची फळे लहान असतानाच झाडात पुढच्या हंगामाच्या फुलकळ्या ठरू लागतात. फळातल्या बियांमधून येणारी जिबरेलिन ही संजीवके त्या कळ्या बनू देत नाहीत. १९६७ मध्ये चॅन आणि केन या संशोधकांनी ‘स्पेन्सर सीडलेस’ या जातीवर हे दाखवून दिले. बिनबियांची फळे असलेल्या फांद्यांवर पुढच्या वर्षी फुले आली, बिया धरलेल्या फळांच्या ठिकाणी मात्र ती रोखली गेली. हापूसचे वर्षाआड फळणे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. सफरचंदही त्याच वळणावर जाते, पण इथे वेळेवर विरळणी करून ते बऱ्याच अंशी टाळता येते. उशिरा केलेल्या विरळणीने फांदी मोडणे थांबेल, उरलेली फळे थोडी सुधारतील, पण पुढच्या वर्षीची फुले परत मिळणार नाहीत.

आधी झाडाचे वय पाहा

एचआरएमएन-९९ हे झाड लवकर फुलते. लावणीच्या पहिल्याच वर्षी गुच्छ दिसले की ते काढणे जिवावर येते. तरीही:

- पहिले वर्ष : सगळी फुले किंवा वाटाण्याएवढी फळे काढा. या वर्षी झाडाने मुळे आणि सांगाडा उभा करायचा असतो. जात ओळखण्यासाठी फार तर एखादे फळ ठेवा.
- दुसरे वर्ष : खोड चांगले पोसलेले असेल तरच मोजकी फळे ठेवा, तीही खोडाजवळच्या जाड भागावर. शेंड्याजवळ नकोत. शेंड्यावरच्या फळाने फांदी वाकते आणि तिची वाढ तिथेच थांबते.
- तिसरे-चौथे वर्ष : खाली दिलेल्या मापाने हिशेब करा आणि आकडा हात राखूनच धरा.
- त्यानंतर : पूर्ण हिशेबाने फळे ठेवा. मात्र आदल्या उन्हाळ्यात झाड सुकले असेल किंवा त्याची पाने अकाली गळली असतील तर त्याला तरुण झाड समजूनच वागवा.

किती फळे ठेवायची?

एका गुच्छात साधारण पाच-सहा फुले असतात. भरगच्च फुललेल्या झाडावर शंभरातली पाच-दहा फुले फळात उतरली तरी पूर्ण पीक मिळते. बाकीची काही निसर्ग गाळतो, उरलेली तुम्हाला काढायची आहेत. त्यासाठी दोन पद्धती आहेत.

अंतराची पद्धत. एका गुच्छात एकच फळ ठेवा आणि फांदीवर दोन फळांत १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास एक वीत अंतर ठेवा. वीत हाताशीच असल्याने पट्टी लागत नाही. पानांचा अंदाज घ्यायचा असेल तर एका फळामागे ३० ते ४० निरोगी पाने असावीत. फांदीवर पाने विरळ असतील तर अंतर वाढवा.

खोडाच्या घेराची पद्धत. वीस-तीसच झाडे असतील तर ही अधिक नेमकी. कलमाच्या सांध्याच्या वीतभर वर शिंप्याच्या टेपने घेर मोजा. घेराला घेराने गुणा आणि १२.५७ ने भागा. येणारे उत्तर म्हणजे खोडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, चौरस सेंटीमीटरमध्ये. चांगल्या वाढलेल्या झाडावर दर चौरस सेंटीमीटरला ४ ते ६ फळे धरा, तरुण किंवा उन्हाने दमलेल्या झाडावर ३ ते ४.

एक उदाहरण घेऊ. घेर १६ सेंटीमीटर आहे. १६ गुणिले १६ म्हणजे २५६, भागिले १२.५७ म्हणजे सुमारे २०. दर चौरस सेंटीमीटरला ४ फळे धरली तर झाडावर ८० फळे ठेवायची. झाडाला आठ मुख्य फांद्या असतील तर फांदीमागे सरासरी दहा. जाड फांदीला जास्त, बारीक फांदीला कमी. पहिल्या दोन झाडांवर फळे खरोखर मोजा, म्हणजे पुढच्या झाडांवर नजरेला अंदाज येतो.

कोणते फळ राखायचे?

गुच्छाच्या मधोमध असलेले फूल सर्वांत आधी उमलते. बागायतदार त्याला ‘किंग’ म्हणतात. त्याचे फळ सहसा सर्वांत मोठे होते, म्हणून तेच राखतात. पण ते वेडेवाकडे असेल, किडीने टोचलेले असेल किंवा त्याचा देठ इतका आखूड असेल की पुढे फळ फांदीवर घासेल, तर त्याचा मोह सोडा आणि बाजूचे सर्वांत सुदृढ फळ ठेवा.

काढायच्या फळांचा क्रम असा:

- किडलेली, ओरखडे पडलेली, एका बाजूने चपटी
- इतरांच्या मानाने लहान राहिलेली
- बारीक फांद्यांच्या शेंड्यावरची आणि फांदीच्या खालच्या अंगाला सावलीत लोंबणारी
- एकमेकांना चिकटलेल्या जोडीतले एक, कारण चिकटलेल्या जागी फवारा पोहोचत नाही आणि कीड तिथेच आसरा घेते
- उशिरा आलेल्या फुलांची

शेवटचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. पुरेशी थंडी न मिळाल्यास फुलोरा लांबतो आणि एकाच झाडावर फूल, वाटाण्याएवढे फळ आणि बोराएवढे फळ एकाच वेळी दिसते. ते सगळेच ठेवले तर तोडणी महिनाभर रेंगाळते. ज्या बहरात सर्वाधिक फळे धरली तो मुख्य धरा आणि बाकीचे काढून टाका.

उन्हाचाही विचार करा. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात पश्चिमेकडची उघडी फळे भाजतात. दोन सारख्या फळांत निवड करायची असेल, तर ज्याच्यावर पानाची सावली येते ते राखा.

हाताने विरळणी : पायऱ्या

1. फुलोऱ्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी पहिली फेरी घ्या. या वेळेपर्यंत परागीभवन न झालेली फळे आपोआप गळालेली असतात.
2. हलक्या हाताने फांदी हलवा. जी फळे गळायचीच आहेत ती पडतील आणि मोजणी सोपी होईल.
3. वरून खाली आणि फांदीच्या बुंध्याकडून शेंड्याकडे काम करा. खालून सुरुवात केली तर वरून पडणारी फळे खालच्या राखलेल्यांना लागतात.
4. या फेरीत प्रत्येक गुच्छात एकच फळ ठेवा. अंतराचा हिशेब अजून पूर्ण करू नका. ठरलेल्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के फळे जास्त राहू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची भीती असते आणि आणखी एक नैसर्गिक गळही बाकी असते.
5. फळ ओढू नका. एका हाताने गुच्छाची काडी धरा, दुसऱ्या हाताने द्राक्षाच्या विरळणीची बारीक कात्री घेऊन देठ मध्यावर कापा. देठाचा तुकडा नंतर आपोआप गळतो. फळ ओढले की कधी कधी ती आखूड, गाठाळ काडीच निघून येते. तीच काडी पुढे कित्येक वर्षे फुलणार असते.
6. फळ काढा, पाने काढू नका. गुच्छाभोवतीची पानेच राखलेल्या फळाला पोसतात.
7. दोन-तीन आठवड्यांनी, पण शक्यतो ४० दिवसांच्या आत, दुसरी फेरी घ्या. आता वीतभर अंतर आणि एकूण आकडा नक्की करा.
8. किडलेली फळे झाडाखाली टाकून ठेवू नका. गोळा करून खोल पुरा.

काढलेल्या फळांतली चार-पाच आडवी कापून पाहा. सफरचंदात पाच कप्पे असतात आणि प्रत्येकात सहसा दोन बिया धरतात. बहुतेक फळांत दोन-तीनच बिया दिसल्या तर परागीभवन अपुरे झाले आहे असे समजा. ॲना जातीला जवळपास दुसऱ्या जातीचे झाड लागते आणि त्यासाठी डॉर्सेट गोल्डन लावतात, कारण दोन्ही एकाच सुमारास फुलतात. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले असेल तर मधमाश्या फिरकल्या नसतील. अशा बागेला विरळणीआधी परागीभवनाकडे लक्ष द्यावे लागेल.

फळे मुळातच कमी धरली असतील तर?

मग नियम सैल करा. चार गुच्छ रिकामे आणि पाचव्यात तीन फळे असतील तर दोन ठेवायला हरकत नाही. झाडाचा एकूण भार आणि पानांचे प्रमाण महत्त्वाचे, अंतर हे त्याचे केवळ सोपे माप आहे. ठरलेल्या आकड्याच्या निम्मीच फळे असतील तर फक्त किडकी आणि वेडीवाकडी काढून थांबा. मात्र एकाच फांदीवर सगळी फळे एकवटली असतील तर तिथे विरळणी करा किंवा फांदीला टेकू द्या.

औषध फवारून विरळणी करावी का?

मोठ्या बागांत मजुरी वाचवण्यासाठी रसायनांनी विरळणी करतात. पाच-पन्नास झाडांच्या बागेला त्याची गरज नाही आणि धोका मोठा आहे. हवेचे तापमान, जात आणि फळाचा आकार यांप्रमाणे परिणाम इतका बदलतो की एका फवाऱ्यात झाड रिकामे होऊ शकते. नेमके कुठे फसायला होते ते पाहा:

- कार्बारिल : परदेशी पुस्तकांत विरळणीसाठी हे नाव सर्रास सापडते. भारतात ८ ऑगस्ट २०१८ पासून त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर बंदी आहे. जुन्या साठ्यातले कुणी देऊ केले तरी घेऊ नका.
- एनएए : आंबा, मिरची, कापूस यांची फूलगळ आणि फळगळ थांबवण्यासाठी तुम्ही हे वापरत असाल. सफरचंदात फुलोऱ्यानंतर लगेच फवारले तर हेच औषध फळे गाळते आणि तोडणीच्या तोंडावर फवारले तर गळ थांबवते. ‘गळ थांबेल’ म्हणून चुकीच्या वेळी फवारलेत तर नेमके उलटे होईल.
- इथेफॉन : डाळिंबाच्या पानगळीसाठी ते घरात असते. सफरचंदावर फळे असताना त्याचा फवारा जाऊ देऊ नका. शेजारच्या डाळिंबावर फवारताना वारा पाहा आणि त्यानंतर पंप स्वच्छ धुवा.
- जीए : द्राक्षाचे मणी फुगवायला चालते म्हणून सफरचंदावर मारण्याचा मोह होतो. हे जिबरेलिनच आहे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या रोखणारे. आकार वाढवायचा असेल तर कात्री वापरा.

मजुरांकडून काम करून घेताना

द्राक्षबागेत विरळणी केलेल्या बायकांचा हात या कामात तयार असतो, पण सवय वेगळी असते. द्राक्षात घडातले मणी काढायचे असतात, इथे अख्ख्या गुच्छात एकच फळ ठेवायचे. म्हणून आधी एक झाड स्वतः करून दाखवा आणि ते नमुना म्हणून सोडा. झाडामागे उक्ता दर ठरवला तर घाईत काड्या तुटतात, रोजंदारी परवडते. घोडा किंवा शिडी मजबूत द्या, कमकुवत फांदीवर चढायला लावू नका. नुकतीच फवारणी झाली असेल तर लेबलवर दिलेला थांबण्याचा काळ उलटल्याशिवाय कुणालाही बागेत पाठवू नका.

रोप आणि औषध घेताना तुमचे हक्क

विरळणी करूनही फळे बारीकच राहतात, तेव्हा कधी कधी दोष जातीचा असतो. एचआरएमएन-९९ म्हणून भलतेच रोप गळ्यात मारले जाते. म्हणून:

- महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा नियमन कायदा आहे. रोपे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि बिलावर जात, संख्या आणि तारीख लिहून घ्या.
- कीटकनाशक किंवा संजीवक घेताना बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. त्यावर बॅच क्रमांक असावा. पाकिटासोबतचे माहितीपत्रक वाचा, त्यात सफरचंदाचा उल्लेख नसेल तर ते औषध सफरचंदासाठी नाही.
- फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. शेतकरी हाही ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
- तांत्रिक शंकेसाठी किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विनामूल्य फोन करता येतो. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाताना झाडाचे, गुच्छाचे आणि कापलेल्या फळाचे फोटो न्या.

विरळणीनंतर

राखलेली फळे वाढू लागली की पाणी नियमित ठेवा. उन्हाळ्यात आठवडाभर कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात. खोडाभोवती पाचटाचे आच्छादन करा. भार असलेल्या फांद्यांना वेळीच टेकू द्या. पाखरांचा त्रास असेल तर जाळी विरळणीनंतरच टाका, आधी टाकली तर दुसऱ्या फेरीसाठी ती पुन्हा काढावी लागेल.

वहीत प्रत्येक झाडापुढे चार रकाने करा: फुलोऱ्याची तारीख, खोडाचा घेर, राखलेली फळे आणि तोडणीला भरलेले वजन. वजनाला फळांच्या संख्येने भागले की सरासरी फळ किती ग्रॅमचे झाले ते कळते. ते शंभर ग्रॅमच्या आत राहिले आणि पाणी-खतात कमतरता नव्हती, तर पुढच्या हंगामात त्या झाडावर दर चौरस सेंटीमीटरला एक फळ कमी धरा. फळे चांगली पोसली आणि जानेवारीत फुलेही भरपूर आली, तर तोच आकडा कायम ठेवा. घेर मात्र दरवर्षी नव्याने मोजा, कारण झाड वाढते तसा त्याचा भारही वाढवता येतो.